सारायेव्होचे तीन दिवस आणि शेजारधर्म

युरोपात राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला सहलीला निघण्याआधी तीन प्रश्न सोडवावे लागतात. हलाल जेवण कुठे मिळेल, नमाज कुठे अदा करता येईल आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना किती चालावे लागेल. आम्हाला व्हिएन्नात राहायला येऊन नऊ वर्षे झाली. या काळात प्राग झाले, बुडापेस्ट झाले, व्हेनिसही झाले. शहरे सुंदरच होती. पण पिशवीत ब्रेड, चीज आणि उकडलेली अंडी, आणि नमाजसाठी हॉटेलची खोली किंवा बागेचा एखादा कोपरा, हे सगळीकडे ठरलेलेच असायचे.

या वर्षी माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एका रविवारी आम्ही सगळे इथल्या मोठ्या बागेत गेलो. असरची वेळ झाली तशी अम्मींनी झाडाखाली चटई पसरली. माझा थोरला मुलगा तेरा वर्षांचा आहे. तो हळूच म्हणाला, "दादी, इथे नको ना. माझ्या शाळेतली मुलं येतात इथे." अम्मींनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि नमाजला उभ्या राहिल्या. तो लांबच्या बाकावर जाऊन मोबाइलमध्ये डोके घालून बसला. घरी आल्यावर कोणीच तो विषय काढला नाही. पण मला कळत होते की मुलाच्या मनात दोन कप्पे झाले आहेत. घरात मुसलमान आणि बाहेर युरोपियन. जगात कुठेही कोणी काही केले की वर्गात त्याच्याकडे वळून पाहिले जाते. त्याला कंटाळा आला होता, आणि मला त्याचा रागही येत नव्हता.

आमच्या मजल्यावर एक बोस्नियन बाई राहतात. १९९२ मध्ये लहान असताना आईबरोबर निर्वासित म्हणून त्या इथे आल्या. त्या युद्धात ऑस्ट्रियाने सुमारे ९०,००० बोस्नियन लोकांना आसरा दिला होता. मे महिन्यात ख्रिस्ती सणाची सोमवारची सुट्टी जोडून तीन दिवस मिळत होते. कुठे जावे यावर आमची चर्चा चालली होती. त्या म्हणाल्या, "सासूबाईंना सारायेव्होला न्या. तिथे त्यांना कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही." हे वाक्य मला पटले आणि आम्ही तिकिटे काढली.

जाण्याआधी

व्हिएन्नाहून सारायेव्हो विमानाने तासाभराच्या थोडे पुढे. बोस्निया युरोपीय संघात नाही आणि शेन्गेन क्षेत्रातही नाही. म्हणून अम्मींचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे की अनेकदा, हे आधी तपासले. एकदाच प्रवेशाचा असता तर त्यांना परत व्हिएन्नात येता आले नसते. आईवडिलांना युरोपात बोलावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तिथले चलन मार्क. एका युरोला साधारण दोन मार्क, त्यामुळे हिशेब सोपा.

व्हिएन्ना आणि सारायेव्हो यांचे नाते जुने आहे. पंधराव्या शतकापासून बोस्निया उस्मानी सल्तनतीत होता. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने तो ताब्यात घेतला आणि १९०८ मध्ये साम्राज्याला जोडून टाकला. मग व्हिएन्नाच्या बादशहाच्या रयतेत एकाएकी लाखो मुसलमान आले. त्यांच्यामुळे १९१२ मध्ये ऑस्ट्रियात कायदा होऊन इस्लामला अधिकृत धर्म म्हणून मान्यता मिळाली. पुढे कायदे बदलले, पण माझ्या मुलाला सरकारी शाळेत इस्लामचा तास मिळतो त्याचा पाया तिथलाच. हे मी त्याला विमानात सांगितले. "म्हणजे आपल्याआधी इथे मुसलमान होते?" त्याने विचारले. मी म्हटले, "आपल्याआधीच नाही, इथल्या कितीतरी गोष्टींच्या आधी."

ओळखीचे शब्द

सारायेव्हो म्हणजे डोंगरांच्या कुशीतले शहर. मधून मिल्याच्का नावाची छोटी नदी वाहते आणि दोन्ही बाजूंना लाल कौलांची घरे चढत जातात. कौले पाहून अम्मींना पहिल्याच क्षणी बरे वाटले. जुन्या भागाचे नाव बाश्चार्शिया. दगडी फरशीच्या अरुंद गल्ल्या, बुटकी लाकडी दुकाने, आणि एकेका धंद्याची वेगळी गल्ली. तांबटांच्या गल्लीत हातोड्यांची ठकठक चालू होती. मुलांच्या अब्बांचे बालपण मुंबईत गेले. ते म्हणाले, "हे तर आपलं तांबाकाटा!" चौकात लाकडी नक्षीची सबील आहे. पहिली सबील १७५३ मध्ये बांधली गेली होती. तिचे पाणी प्यायले की माणूस या शहरात पुन्हा येतो असे म्हणतात. धाकटीने दोनदा बाटली भरून घेतली.

धाकटी नऊ वर्षांची आहे. तिने आणि दादीने शब्द गोळा करायचा खेळ सुरू केला. दुकानाला इथे दुचान म्हणतात. वस्तीला महाला. खिशाला जेप, साबणाला सापुन, चहाला चाय. मैदान ते मेय्दान, सब्र तो साबुर, आणि लहान मुलांच्या मकतबला मेक्तेब. उस्मानी काळात तुर्की, फारसी आणि अरबी शब्द इथे आले आणि तेच शब्द दुसऱ्या वाटांनी आपल्या कोकणात पोहोचले. नमाजला इथे नमाजच म्हणतात. निरोप घेताना म्हातारी माणसे "अल्लाहइमानेत" म्हणतात, म्हणजे अल्लाहच्या हवाली. अम्मींना जर्मन येत नाही, इंग्रजी येत नाही. व्हिएन्नात तीन आठवडे त्या आमच्याशिवाय कुणाशी बोलल्या नव्हत्या. इथे पहिल्याच संध्याकाळी एका शाल विकणाऱ्या आजीबाईंशी हातवारे, सलाम आणि या दहा-बारा शब्दांवर त्यांची चांगली पाव तास बैठक झाली.

जेवणाची चिंताही मिटली. गरम सोमुन, म्हणजे जाडसर नान. त्यात छोटे कबाब भरतात, चेवापी म्हणतात त्यांना, आणि सोबत बारीक चिरलेला कांदा. मांस भरलेल्या पातळ पापुद्र्यांच्या गुंडाळीला बुरेक म्हणतात. बटाट्याची, पालेभाजीची किंवा चीजची असेल तर तिची नावे वेगळी. व्हिएन्नात मी प्रत्येक पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचत असते. या तीन दिवसांत एकदाही चष्मा काढावा लागला नाही.

गाजी हुसरेव बेग यांची मशीद

हुसरेव म्हणजे आपला खुसरो. गाजी हुसरेव बेग हे उस्मानी काळातले इथले सुभेदार. त्यांनी १५३० च्या सुमारास बांधलेली मशीद आजही शहराच्या मधोमध उभी आहे. त्यांनी आपली मालमत्ता वक्फ केली आणि तिच्या उत्पन्नावर मशिदीबरोबर मदरसा, कुतुबखाना, हमाम, मुसाफिरांचा आसरा आणि गरिबांसाठी लंगर चालला. मदरशाच्या वक्फनाम्यात त्यांनी लिहून ठेवले की बांधकामातून जे पैसे उरतील त्यांची चांगली पुस्तके विकत घ्यावीत. १५३७ ची ही गोष्ट आहे. तो मदरसा आणि तो कुतुबखाना दोन्ही आजही चालू आहेत. वक्फ या शब्दावर आपल्याकडे आज इतके बोलले जाते. नीट सांभाळलेला वक्फ पाच शतके काय करू शकतो ते इथे डोळ्यांनी दिसते.

मशिदीशेजारी घड्याळाचा उंच मनोरा आहे. त्याचे काटे पाहून थोरला हसायला लागला, कारण घड्याळ चुकीचे होते. खरे तर ते जुन्या पद्धतीचे आहे. सूर्य मावळतो तेव्हा त्यात बारा वाजतात आणि नवा दिवस सुरू होतो. दिवस रोज लहान-मोठा होतो म्हणून एक माणूस ते नियमाने जुळवत असतो. आम्ही अंगणातल्या दगडी कारंज्याशी बसलो. काटे बाराकडे सरकत होते, मोबाइलमध्ये आठ वाजून गेले होते. थोरला दोन्ही घड्याळांकडे आलटूनपालटून बघत होता. काटे बारावर आले आणि अजान झाली. मग डोंगरावरच्या एकेका महालातून दुसरी, तिसरी, चौथी अजान उठली. अम्मी पदराने डोळे पुसत वुजूला गेल्या.

स्त्रियांच्या जागेत आम्ही तिघी उभ्या राहिलो. आम्ही कोकणी शाफई, इथले लोक हनफी. रुकूला जाताना हात उठवणाऱ्या अम्मी आणि मी दोघीच. शेजारच्या बाईंनी सलाम फेरल्यावर अम्मींचा हात हातात घेतला आणि विचारले, "इंडोनेशिया?" अम्मी म्हणाल्या, "रत्नागिरी." दोघीही समाधानाने हसल्या.

बाहेर आलो तर थोरला त्याच्याच वयाच्या एका मुलाशी बोलत होता. सोनेरी केस, निळे डोळे, अंगात फुटबॉलची जर्सी. तो ग्राझला राहतो, सुट्टीत आजोबांकडे आला होता. दोघेही जर्मनमध्ये बोलत होते. नमाजमध्ये दोघे एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभे होते असे अब्बांनी सांगितले. मी जवळ जाऊन ऐकले. विषय फक्त फुटबॉलचा होता. मला तेच आवडले. त्या मुलाला मुसलमान असणे आणि युरोपियन असणे यात काही जुळवायचे नव्हते, म्हणून त्यावर बोलायचेही नव्हते.

डोंगरावरून दिसणारे शहर

रविवारी सकाळी आम्ही पाळण्यातून त्रेबेविच डोंगरावर गेलो. हा रोपवे १९५९ चा. युद्धात तो नष्ट झाला आणि २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला. वर १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी बांधलेली बर्फावरच्या घसरगाडीची सिमेंटची वळणदार वाट आहे. आता ती रंगीत चित्रांनी भरली आहे आणि मुले त्यातून पळतात. आमचीही पळाली. वरून शहर तळहातासारखे दिसते. प्रत्येक रस्ता, प्रत्येक छप्पर. थोरला कठड्याशी उभा राहून म्हणाला, "इथून तर सगळंच दिसतं." त्याच्या अब्बांनी सांगितले, "त्यांनाही सगळंच दिसत होतं."

एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, तब्बल १,४२५ दिवस बोस्नियन सर्ब सैन्याने या डोंगरांवरून शहराला वेढा घातला होता. वीज नाही, पाणी नाही, धान्य नाही. पाण्याच्या रांगेत, बाजारात, खेळाच्या मैदानात तोफगोळे पडत. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी मार्काले बाजारात एका गोळ्याने ६८ माणसे गेली. तो बाजार आजही भरतो. भिंतीवर नावे आहेत आणि समोर टोपल्यांत स्ट्रॉबेरी. वेढ्याला वीस वर्षे झाली तेव्हा मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या गेल्या, मेलेल्या प्रत्येकासाठी एक. त्यांत छोट्या खुर्च्याही होत्या, मुलांच्या. रस्त्यांत जिथे तोफगोळे पडून माणसे मेली त्या खड्ड्यांत लाल राळ भरली आहे. त्यांना सारायेव्होचे गुलाब म्हणतात. धाकटी ते ओलांडताना पाय उचलून चालत होती.

दुपारी आम्ही विमानतळाजवळचा बोगदा पाहिला. १९९३ मध्ये लोकांनी फावडी-कुदळीने धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटर लांबीचा हा बोगदा खोदला. जेमतेम एक मीटर रुंद, आणि इतका बुटका की मोठ्या माणसाला वाकूनच जावे लागे. यातून पीठ आले, औषधे आली, जखमी बाहेर गेले. त्याचे तोंड एका साध्या कुटुंबाच्या घराखाली होते. आता त्याचा थोडाच भाग चालून पाहता येतो. अम्मींचे गुडघे दुखत होते म्हणून त्या अंगणातच बसल्या. भिंतींवर गोळ्यांच्या खुणा अजून तशाच आहेत.

या लढाईची गोष्ट फक्त मुसलमान आणि सर्ब अशी नाही, हे मुलांना मुद्दाम सांगायला हवे होते. शहराच्या बचावासाठी लढलेले जनरल योवान दिव्याक स्वतः सर्ब होते. शेजाऱ्यांना सोडून जाणार नाही म्हणून ते शहरात राहिले आणि युद्धानंतर अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी संस्था चालवली. इथल्या छोट्या ज्यू समाजाच्या संस्थेने वेढ्यात दवाखाना आणि जेवणघर चालवले, तेही सगळ्यांसाठी. शेजारधर्माला बोस्नियन भाषेत कोम्शिलुक म्हणतात. जुन्या शहरात मशीद, कॅथलिक चर्च, जुने ऑर्थोडॉक्स चर्च आणि सिनेगॉग पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. ही जवळीक पाडायची म्हणून तर तोफा लावल्या गेल्या.

अम्मींनी सांगितलेले

त्या संध्याकाळी आम्ही कॉफी प्यायला बसलो. इथे तांब्याच्या छोट्या भांड्यात दाट कॉफी येते, सोबत साखरेचा खडा आणि गुलाबाच्या वासाची लुसलुशीत मिठाई. थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ही माणसं त्यांच्यासारखीच दिसत होती. त्यांचीच भाषा बोलत होती. तरी त्यांना मारलं. मग वेगळं दिसणाऱ्यांचं काय?"

मला उत्तर सुचले नाही. अम्मींनी कप खाली ठेवला. "वेढा कधी सुरू झाला म्हणालास?" "१९९२, दादी." अम्मी म्हणाल्या, "त्याच हिवाळ्यात आमच्याकडेही झालं."

माझे सासरे जहाजावर नोकरीला होते. बाबरी मशीद पडल्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या तेव्हा ते दूर समुद्रात होते. अम्मी दोन मुलांना घेऊन चाळीत एकट्या. त्या मजल्यावर आमचे एकच मुसलमान घर. जानेवारीतल्या एका रात्री खाली गलका ऐकू आला तशी शेजारच्या काकूंनी दार वाजवले, दोन्ही मुलांना उचलले आणि अम्मींना आपल्या खोलीत नेले. आमच्या दाराला बाहेरून कुलूप लावले आणि स्वतः जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "ते लोक गावाला गेले," असे त्यांनी वर आलेल्यांना सांगितले. त्यांतली काही पोरे त्यांच्या ओळखीची होती. काकूंनी एकाला नावाने हाक मारून विचारले, "तुझ्या आईला सांगू का, कुठे फिरतोयस?" ती पोरे परत गेली. चार दिवस अम्मी त्या खोलीत होत्या.

माझे पती तेव्हा नऊ वर्षांचे होते. लग्नाला पंधरा वर्षे झाली, पण हे त्यांनी मला दोन वाक्यांपलीकडे कधी सांगितले नव्हते आणि मुलांना तर काहीच नाही. आपल्या कितीतरी घरांत असेच आहे. मुले घाबरतील, मनात कडवटपणा येईल, म्हणून आपण बोलत नाही. ते त्या संध्याकाळी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काकूंनी मला अंथरुणात स्वतःच्या मुलांच्या मध्ये झोपवलं होतं. कोणी आत आलं तर चौघांत कोणता कोणाचा ते कळू नये म्हणून."

थोरल्याने विचारले, "त्या घाबरल्या नाहीत?" अम्मी म्हणाल्या, "घाबरल्या होत्या ना. हात थरथरत होते. तरी उभ्या होत्या."

जळालेली पुस्तके आणि वाचलेली पुस्तके

सोमवारी सकाळी नदीकाठची विएचनित्सा पाहिली. ऑस्ट्रियाच्या काळात १८९६ मध्ये पूर्ण झालेली नगरपालिकेची ही देखणी इमारत, कमानी आणि रंगीत पट्टे स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम इमारतींच्या धर्तीवर. नंतर ती राष्ट्रीय ग्रंथालय झाली. २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री तिच्यावर आगीचे गोळे टाकले गेले आणि लाखो पुस्तके जळून गेली. त्याच वेळी आइदा बुतुरोविच ही तिथली तरुण ग्रंथपालही मारली गेली. जळलेल्या पानांची राख शहरभर पडत होती. इमारत दुरुस्त होऊन २०१४ मध्ये उघडली.

तिथून चालत आम्ही गाजी हुसरेव बेग कुतुबखान्यात गेलो. इथल्या दहा हजारांहून अधिक हस्तलिखितांची कहाणी वेगळी. युद्धाच्या काळात संचालक मुस्तफा याहिच आणि मोजक्या कर्मचाऱ्यांनी ती केळ्यांच्या खोक्यांत भरून, गोळीबारातून हातांनी वाहून नेत आठ वेळा जागा बदलली. मदतीला काँगोहून शिकायला आलेला आणि रात्रीचा पहारेकरी म्हणून काम करणारा अब्बास लुतुंबा हुसेन होता. इमाम गझालींच्या हयातीत नकललेली 'इह्या'ची प्रत त्यांतच वाचली. गाजी बेगांनी पुस्तकांसाठी सोडलेले पैसे साडेचारशे वर्षांनी कोणाच्या खांद्यावरून गेले ते पाहा.

अंगणात बसल्यावर मी मुलांना आमच्या बोस्नियन शेजारणीने सांगितलेली गोष्ट सांगितली. सारायेव्होच्या राष्ट्रीय संग्रहालयात ज्यू लोकांचा एक सचित्र धर्मग्रंथ आहे, स्पेनमध्ये चौदाव्या शतकात तयार झालेला. त्याला हगादा म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात नाझी अधिकारी तो न्यायला आला. संग्रहालयातले ग्रंथपाल देर्विश कोर्कुत हे मुसलमान आलिम घराण्यातले. त्यांनी ग्रंथ बाहेर काढून लपवला. डोंगरातल्या एका गावच्या मशिदीत तो ठेवला होता असे सांगतात. कोर्कुत आणि त्यांच्या पत्नी सेर्वेत यांनी एका ज्यू मुलीलाही मुसलमान मोलकरीण म्हणून घरात लपवून तिचा जीव वाचवला. १९९९ मध्ये कोसोव्होतल्या युद्धात कोर्कुतांच्या मुलीवर परागंदा होण्याची वेळ आली तेव्हा आईवडिलांच्या त्या उपकाराच्या आठवणीने इस्राएलने तिच्या कुटुंबाला आसरा दिला.

गोष्ट संपली. अम्मी बराच वेळ तस्बीहचे मणी फिरवत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "काकूंनी आपला कुरआनही नेला होता."

हे माझ्या पतींनाही माहीत नव्हते. खोलीतून निघताना अम्मींच्या हातात दोन मुले होती. घरातला कुरआन शरीफ, सासऱ्यांच्या वडिलांचा, फळीवरच राहिला. कुलूप लावण्याआधी काकू परत आत गेल्या. पाटावरची धुतलेली साडी घेतली, कुरआन तिच्यात गुंडाळला आणि आपल्या खोलीत देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवला. "खाली कुठे ठेवू शकत नाही, मोठं पुस्तक आहे," एवढेच म्हणाल्या. चार दिवस काकूंची समई आणि आपला कुरआन एकाच भिंतीला होते. तोच कुरआन आज रत्नागिरीच्या घरी आहे. थोरल्याने त्यातच पहिला पारा वाचला. त्याने विचारले, "ती साडी कुठे आहे?" अम्मी म्हणाल्या, "त्या कापडाचाच जुजदान शिवला मी. तू हातात धरलाय तो."

घरी आल्यावर

काकू आता नाहीत. त्यांची मुलगी डोंबिवलीला असते. ईदचा शीरखुर्मा दर वर्षी तिच्याकडे जातो आणि दिवाळीचा फराळ रत्नागिरीला येतो. हे येणे-जाणे मी लग्न झाल्यापासून पाहत होते, पण मुलांसाठी ती फक्त मिठाईची देवाणघेवाण होती. व्हिएन्नात परतल्यावर अम्मींनी तिला व्हिडिओ कॉल लावला. थोरल्याने आपल्या मोडक्या मराठीत विचारले, "तुमच्या आईने दार का उघडलं?" ती थोडी गोंधळली. म्हणाली, "अरे, शेजारी होते ना."

सारायेव्होहून आणलेली मिठाई धाकटीने आमच्या बोस्नियन शेजारणीला दिली. एक डबा थोरल्याने स्वतःहून खालच्या मजल्यावरच्या ऑस्ट्रियन आजींना नेऊन दिला. त्या त्याच्या चेंडूच्या आवाजाची नेहमी तक्रार करतात. अजूनही करतात.

एका सहलीने तेरा वर्षांच्या मुलाचे सगळे प्रश्न सुटत नाहीत. वर्गात उद्याही कोणी त्याच्याकडे वळून पाहील. पण आता त्याला ठाऊक आहे की त्याच्या वयाची निळ्या डोळ्यांची मुले पाच शतके या खंडात नमाज अदा करत आली आहेत, आणि त्याचे स्वतःचे अब्बा एका हिंदू घराच्या अंथरुणात सुखरूप झोपले होते. शेजाऱ्याच्या हक्काबद्दलच्या हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्या त्याने या वेळी पाहिल्या.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरांतही अशा आठवणी असतील. ज्यांना त्या आठवतात ती माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. मुलांना फक्त आगीची गोष्ट सांगितली तर भीती उरते. काहीच सांगितले नाही तर ती दुसऱ्या कुणाकडून अर्धवट ऐकतात. म्हणून आग कशी लागली तेही सांगा आणि दार कोणी उघडले तेही सांगा. नावासकट सांगा. आणि मुलांना विचारा की आपल्या दारावर कोणी रात्री थाप मारली तर आपण काय करू. अल्लाह आपल्याला ते दार उघडण्याची तौफिक देवो. आमीन.